वाचकांचे प्रश्न: मॉनिटर तोच, चित्र अधिक स्वच्छ कसे?

या महिन्यात नागपुरातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा मोठ्या रिझोल्यूशनवर गेम चालवला तर चित्र खरोखर स्पष्ट होते का? त्यामुळे या अंकातील सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न: माझ्याकडे २४ इंची, १९२०×१०८० रिझोल्यूशनचा मॉनिटर आहे. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएसआर चालू केल्यावर गेमच्या यादीत ३८४०×२१६० दिसू लागले आणि ते निवडल्यावर चित्र सुधारल्यासारखे वाटले. मात्र मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला, तर तिथे १९२०×१०८० हेच लिहिलेले असते. माझा मित्र म्हणतो की जे पिक्सेल मॉनिटरवर नाहीतच ते दिसणार कुठून, आणि तुला भास होतो आहे. खरे काय?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: मॉनिटरचा मेनू खरे सांगतो आहे आणि तुम्हाला भासही झालेला नाही. डीएसआर चालू असताना ग्राफिक्स कार्ड गेमचे प्रत्येक दृश्य ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेलांचे रंगवते, ते आपल्याच मेमरीत ठेवते, मग लहान करून २०,७३,६०० पिक्सेलांवर आणते आणि तेवढेच केबलमधून मॉनिटरकडे पाठवते. त्याआधी काय घडले याची मॉनिटरला काहीच खबर नसते. पडद्यावर एकही जादा पिक्सेल उजळत नाही, हे तुमच्या मित्राचे म्हणणे अगदी बरोबर आहे. त्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की, जे पिक्सेल उजळतात त्यांचा रंग ठरवण्यापूर्वी कार्डाने दृश्यात किती ठिकाणी डोकावून पाहिले, यावर चित्राचा खरेपणा ठरतो.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग विकत घेताना वरचे एकच फळ उचलून सगळ्या ढिगाचा भाव ठरवणारा माणूस कधी नशिबाने जिंकतो आणि कधी सपशेल फसतो. चार कोपऱ्यांतून चार फळे काढून पाहणाऱ्याचा अंदाज ढिगाच्या खऱ्या प्रतीच्या पुष्कळ जवळ जातो. ढीग दोघांसमोर एकच असतो. गेमच्या दृश्यातला एक पिक्सेल हा असाच छोटा ढीग आहे. त्या इवल्याशा चौकोनात तारेचा तुकडा, आकाश आणि झाडाचे पान असे सगळेच मावलेले असू शकते. पण मूळ रिझोल्यूशनवर कार्ड साधारणपणे चौकोनाच्या मध्यबिंदूवर काय आहे एवढेच पाहते आणि सगळा चौकोन त्या एका रंगाने भरून टाकते. रिझोल्यूशन दोन्ही बाजूंनी दुप्पट केले की त्याच चौकोनात चार ठिकाणी पाहिले जाते आणि चारही रंगांची सरासरी मॉनिटरवर जाते. यालाच सुपरसॅम्पलिंग म्हणतात.

तुमचे पत्र आल्यावर मी रेल्वे चालवण्याचा एक गेम लावला, गाडी स्थानकात उभी केली आणि २४ इंची मॉनिटरला भिंग लावून बसलो. रुळांवरची विजेची तार दूर जाता जाता पिक्सेलपेक्षाही बारीक होते. मूळ रिझोल्यूशनवर ती तार राहतच नाही. काळे तुकडे, त्यांच्यामध्ये लांब रिकाम्या जागा, पुन्हा एखादा तुकडा, असे काहीतरी दिसते. हिशेबही तेच सांगतो. तारेची जाडी पिक्सेलच्या तीन-दशांश आहे आणि ती किंचित तिरकी चालली आहे असे धरले, तर १० पैकी ३ ठिकाणीच ती एखाद्या मध्यबिंदूवरून जाते आणि उरलेल्या ७ ठिकाणी नाहीशी होते. चौपट पिक्सेल रंगवले की ती १० पैकी ६ ठिकाणी सापडते, आणि सापडते तिथेही चारपैकी दोनच नमुन्यांत असल्यामुळे काळीकुट्ट न दिसता करडी दिसते. भिंगातून मला नेमके हेच दिसले: तार अजूनही कुठे कुठे तुटलेली होती, पण तुकडे लांब झाले होते, त्यांचा रंग मवाळ झाला होता आणि हातभर मागे सरकून पाहिल्यावर तिथे एक सलग बारीक तार उभी राहिली.

गाडी सुटल्यावर फरक आणखी ठळक होतो. स्थिर चित्रातले तुटके तुकडे डोळा एक वेळ खपवून घेतो, पण गाडीबरोबर ते तुकडे सरकू लागले की तारेवरून मुंग्यांची रांग चालल्यासारखे दिसते आणि नजर रुळावरून उठून तिकडेच जाते. म्हणून सुपरसॅम्पलिंगची पारख स्क्रीनशॉटवरून करू नये. गवत, जाळी, तारा, दूरच्या इमारतींचे कठडे चालत्या दृश्यात पाहावेत.

जाळीचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथे केवळ तुकडे पडत नाहीत, तर जे मुळात नाहीच ते दिसू लागते. खिडकीच्या डासांच्या जाळीचे दोन थर एकमेकांवर आले की त्यांत लाटांसारखी नक्षी उमटते. ती नक्षी कोणत्याही एका जाळीत नसते. मैदानाभोवतीची तारेची जाळी गेममध्ये दूरवर गेली की तिची वीण आणि पिक्सेलांची वीण अशाच एकमेकींवर येतात आणि तशाच खोट्या लाटा दिसतात. नमुने ज्या अंतराने घेतले त्याच्या दुपटीहून बारीक वीण त्यांतून खरी पकडता येत नाही, उलट ती जाडजूड खोटी वीण होऊन परत येते. हा नियम हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखनापर्यंत मागे जातो, आणि त्या दोघांपुढे प्रश्न तारायंत्र व संदेशवहनाचा होता. नमुने जवळजवळ घेणे हा या खोटेपणावरचा सर्वांत सरळ उपाय आहे. महाग आहे, पण सरळ आहे.

आणखी एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. भिंतीची वीट, रस्त्याची खडी, कापडाचा पोत अशी सगळी पृष्ठचित्रे, ज्यांना गेमवाले टेक्स्चर म्हणतात, कार्डाजवळ मोठ्या, मध्यम, लहान अशा अनेक आकारांत तयार असतात आणि पडद्यावर वस्तू जेवढी मोठी दिसायची असेल त्या मानाने त्यांतला आकार निवडला जातो. कार्डाला वाटते की चित्र ३८४०×२१६० चे आहे, त्यामुळे ते एक पायरी मोठे टेक्स्चर उचलते. चित्र लहान केल्यावरही त्या जादा तपशिलाचा काही भाग टिकून राहतो, म्हणून तुम्हाला केवळ कडा गुळगुळीत न वाटता भिंतीही जवळ आल्यासारख्या वाटल्या असतील.

आजच्या बहुतेक नव्या गेममध्ये आधीच्या फ्रेमांतली, म्हणजे आधी दाखवलेल्या चित्रांतली, माहिती नव्या फ्रेममध्ये मिसळणारी टीएए ही पद्धत असते. ती लुकलुक थांबवते, पण चित्रावर किंचित धुके पसरवते. हे धुके साधारण एक-दोन पिक्सेलांइतके असते. पिक्सेलच निम्म्या आकाराचे झाले की धुकेही निम्मे होते. १०८० च्या मॉनिटरवर टीएएमुळे कंटाळलेल्या खेळाडूला सुपरसॅम्पलिंग एवढे आवडते त्याचे मुख्य कारण हेच आहे, असे माझे मत आहे.

आता पट किती ठेवायची ते. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने डीएसआर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आणि ९८० या कार्डांबरोबर आणले, आणि प्रतिस्पर्धी एएमडीची तशीच सोय, व्हीएसआर, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आली. डीएसआरच्या यादीतले १.७८, २.२५, ४.०० हे आकडे क्षेत्रफळाचे आहेत. ४.०० म्हणजे प्रत्येक बाजू दुप्पट. इथे रंगवलेल्या चार पिक्सेलांचा एक पिक्सेल अचूक होतो, त्यामुळे चित्र मऊ करणारा शेजारचा ‘स्मूदनेस’ हा सरकपट्टा शून्यावर नेता येतो. २.२५ म्हणजे प्रत्येक बाजू दीडपट. इथे रंगवलेले तीन पिक्सेल दोन जागांत बसवावे लागतात, मधला पिक्सेल दोघांत वाटला जातो आणि थोडा मऊपणा येणे अटळ ठरते. ‘४के (म्हणजे ३८४०×२१६०) लावूनही चित्र धूसर झाले’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी स्मूदनेसचा मूळचा ३३ टक्के हा आकडा बदललेलाच नसतो.

किंमत मात्र ओळखून असा. पिक्सेल चौपट झाले की पिक्सेलांशी निगडित काम चौपट होते. एखाद्या जुन्या गेममध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळत असतील, तर सगळेच काम चौपट झाले तरी ६० उरतात आणि खेळ छान चालतो. नव्या गेममध्ये मुळातच ६० मिळत असतील, तर हाती विशीच्या आसपास येतील. माझा सल्ला असा की जुन्या गेमला ४.०० बेधडक लावा. नव्या गेममध्ये फ्रेमची आहुती देऊन आकडा मोठा करू नका.

प्रश्न: माझ्या आरटीएक्स कार्डावर डीएलडीएसआर २.२५ पट आणि गेमच्या आत डीएलएसएस ‘क्वालिटी’ असे दोन्ही एकत्र लावावे, असे मला सुचवण्यात आले. एकीकडे रिझोल्यूशन वाढवायचे आणि दुसरीकडे कमी करायचे, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे नाही का? मॉनिटर १९२०×१०८० चा आहे.
— एक वाचक, सदर

उत्तर: कागदावर हिशेब मांडला तर तुमची शंका अगदी रास्त वाटते. डीएलडीएसआर ही डीएसआरचीच नवी आवृत्ती; तिची २.२५ पट म्हणजे २८८०×१६२०. डीएलएसएस गेम कमी पिक्सेलांत रंगवून मग चित्र मोठे करते; त्याच्या ‘क्वालिटी’मध्ये प्रत्येक बाजूचा दोन-तृतीयांश भाग रंगवला जातो, म्हणजे १९२०×१०८०. फिरून आपण मूळ रिझोल्यूशनवरच येतो, आणि तरीही चित्र साध्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा स्वच्छ दिसते.

याचे कारण नमुने कुठे घेतले आणि साठवले कुठे, यात आहे. डीएलएसएस चालू असताना गेम दर फ्रेमला नमुन्याचा बिंदू पिक्सेलच्या आत किंचित हलवतो, त्यामुळे मागच्या आठ-दहा फ्रेमांत मिळून एकाच चौकोनाची कितीतरी ठिकाणी पाहणी झालेली असते. ही जमवलेली माहिती मूळ १९२०×१०८० च्या चौकटीत ठेवली तर ती पुन्हा दाटीवाटीने मिसळते. २८८०×१६२० च्या चौकटीत तिला पसरायला जागा मिळते. गेमची अक्षरे व नकाशे सहसा याच मोठ्या चौकटीत रेखले जातात आणि टेक्स्चरही सहसा तिच्या मानाने निवडले जाते. मग डीएलडीएसआर ते सगळे एकवार लहान करते. हे काम ते कार्डातील टेन्सर कोअर या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या भागांवर चालणाऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या न्यूरल जाळ्याकडून करवून घेते, म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये आलेली ही सोय फक्त आरटीएक्स कार्डांवर मिळते आणि तिच्यात १.७८ व २.२५ अशा दोनच पटी आहेत.

हे फुकट नाही. दृश्य रंगवण्याचे मुख्य काम जरी १०८० इतकेच राहिले, तरी डीएलएसएसचा स्वतःचा वेळ, मोठ्या चौकटीत होणारे प्रकाशाचे आणि धुक्याचे संस्कार, आणि शेवटचे आकुंचन यांत काही फ्रेम जातात. वेगाने धावणाऱ्या बारीक वस्तूंच्या मागे पुसट शेपूट दिसू शकते. स्मूदनेसच्या पट्ट्याबाबतही सांभाळा: डीएलडीएसआरमध्ये तो खाली आणला की चित्र कृत्रिम रीतीने धारदार होते आणि कडांभोवती पांढरट रेषा उठतात. मी तो निम्म्याच्या वरच ठेवतो. तुमच्या गेममध्ये डीएलएए हा पर्याय असेल, तर आधी तो एकट्याने लावून पाहा. त्यात मूळ रिझोल्यूशनवरच तशीच जमवाजमव होते, गेम सोडून कुठे काही बदलावे लागत नाही, आणि पुष्कळांचे त्यावर समाधान होते.

प्रश्न: माझा मॉनिटर २७ इंची असून त्याचे रिझोल्यूशन १९२०×१०८० आहे. अक्षरे फुटल्यासारखी दिसतात म्हणून मी विंडोजचा डेस्कटॉपच डीएसआरने ३८४०×२१६० केला, पण अक्षरे अधिकच पुसट झाली. माझे कुठे चुकले?
— एक वाचक, प्रताप नगर

उत्तर: डेस्कटॉप आजच्या आज मूळ रिझोल्यूशनवर आणा. मॉनिटरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो, आणि विंडोजची क्लिअरटाइप ही पद्धत अक्षराची कड त्या पट्ट्यांचाही हिशेब धरून आखते. डीएसआरने ही आखणी मोठ्या, काल्पनिक पडद्यासाठी झाली आणि मग ती लहान करताना प्रत्येक कड शेजारच्या पिक्सेलांत सांडली. गेममधल्या दृश्याला सरासरी मानवते, कारण तिथे कड कुठेही पडू शकते; अक्षर मुळातच पिक्सेलांच्या मापाने शिवलेले असते, ते उसवते.

अक्षरे फुटण्याचे मूळ कारण मात्र वेगळे आहे. २७ इंची पडद्यावर १९२० पिक्सेल पसरले की एकेक पिक्सेल सुमारे ०.३१ मिलिमीटरचा होतो. २४ इंचीवर तो ०.२८ च्या आत राहतो, आणि २७ इंचीच पण २५६०×१४४० च्या मॉनिटरवर ०.२३ भरतो. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो असे धरतात, आणि ६० सेंटिमीटरवरून ते अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर होते. म्हणजे तुमच्या पिक्सेलची चौकट डोळ्याला उघड दिसते आहे, आणि कोणतीही सेटिंग ती चौकट लहान करू शकत नाही. सुपरसॅम्पलिंग प्रत्येक चौकटीत योग्य रंग भरते; चौकटीचा आकार कारखान्यात ठरलेला असतो. मॉनिटर एक हात मागे सरकवता आला तर सरकवा, आणि पुढे कधी बदलायचा झाला तर २७ इंचीत १४४० पेक्षा कमी घेऊ नका.

प्रश्न: गेम न खेळणाऱ्या मलाही हाच अनुभव येतो. १०८० च्या पडद्यावर यूट्यूबचा व्हिडिओ १०८० ऐवजी २१६० वर लावला की तो स्वच्छ दिसतो. तिथेही हेच कारण का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: थोडे हेच, थोडे वेगळे. व्हिडिओत प्रकाशाची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची माहिती प्रत्येक बाजूने निम्मी करतात. १०८० च्या व्हिडिओत रंगाचे चित्र खरे तर ९६०×५४० चेच असते. २१६० च्या व्हिडिओत ते १९२०×१०८० चे असते, म्हणजे तुमच्या पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. लाल साडीची काठाची नक्षी पाहा, फरक तिथे सर्वांत आधी कळेल. शिवाय मोठ्या व्हिडिओसाठी दर सेकंदाला अधिक माहिती पाठवली जाते, त्यामुळे दाबून भरल्याने पडणारे चौकोनी डाग कमी होतात. डेटा मात्र त्याच प्रमाणात जळतो.

प्रश्न: माझ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये डीएसआरचा पर्यायच दिसत नाही. ड्रायव्हर नवा आहे.
— एक वाचक, जरीपटका

उत्तर: पुष्कळ लॅपटॉपांत पडदा प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि मोठे कार्ड आपले चित्र त्याच्या हवाली करते, अशा जोडणीत डीएसआर उपलब्ध होत नाही. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे पडद्याची ही जोडणी बदलण्याची सोय, असेल तर पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडून पाहा. तो नसेल तर गेमच्या आतील ‘रिझोल्यूशन स्केल’ शोधा. त्यातले २०० टक्के काही गेममध्ये प्रत्येक बाजूला लागू होतात, म्हणजे पिक्सेल चौपट, आणि काहींत एकूण पिक्सेलांना, म्हणजे दुप्पट. तेव्हा १०० वरून एकेक पायरी चढत जा.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. सुट्टीत तो गेम ‘४के’वर लावतो तेव्हा संगणकाचा पंखा घोंघावतो आणि खोली भट्टीसारखी तापते. मे महिन्यात हे धोक्याचे आहे का? कूलर संगणकाच्या मागेच ठेवला तर चालेल का?
— एक आई, त्रिमूर्ती नगर

उत्तर: ताई, कार्ड जळेल अशी भीती बाळगू नका, बहुतेक कार्डे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोहोचली की आपला वेग आपणच कमी करतात. पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि खोली १० अंशांनी तापली की तेच काम करणारे कार्डही साधारण तेवढेच तापते. त्यामुळे जानेवारीत सुरळीत चाललेला तोच गेम मे महिन्याच्या दुपारी अडखळतो आणि मुलाला वाटते की संगणक बिघडला. मूळ रिझोल्यूशनवर त्याचे कार्ड कदाचित निम्म्या ताकदीने काम करत असेल; ‘४के’ केल्यावर ते सतत पूर्ण भाराने चालते, आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते. २०० वॉटचे कार्ड पूर्ण भाराने चार तास चालले तर एकट्या कार्डाचे ०.८ युनिट होतात.

कूलर संगणकाच्या मागे ठेवू नका. त्याची हवा ओलसर असते, आणि वाळ्यातून किंवा गवताच्या ताट्यांतून येणारे तुषार व धूळ पंख्यांवर एकत्र बसली की चिखलासारखा थर होतो, जो पुढे ब्रशनेही निघत नाही. कूलर खिडकीतच राहू द्या, समोरची खिडकी किंवा दार किलकिले ठेवा म्हणजे हवा खेळेल, आणि संगणकाची मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

मुलाला रागावण्याऐवजी दोन गोष्टी करून द्यायला सांगा, त्याला त्या पाच मिनिटांत जमतील. कार्डाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ६० ठेवायची, म्हणजे कार्ड गरजेपेक्षा जास्त धावणार नाही. आणि दुपारच्या वेळी ४.०० ऐवजी १.७८ ची पट घ्यायची. तीत पिक्सेल ३८४०×२१६० च्या निम्म्याहूनही कमी रंगवावे लागतात. पंख्याच्या आवाजातला फरक तुम्हाला स्वयंपाकघरातूनही कळेल.